पहिली हार्प, अगदी हळू

ईमेल आली तेव्हा माझं बिस्कीट चहात होतं, आणि ती वाचून होईपर्यंत ते गळून तळाशी गेलं. सकाळचे सव्वासहा. खाली फाटकाशी दूधवाल्याची गाडी, वर पंख्याची तीच ती किरकिर, आतल्या खोलीत नवऱ्याचं, सुदर्शनचं, घोरणं, आणि मोबाईलवर कुठल्याशा थंड बेटावरच्या एका बाईंचा अतिशय नम्र प्रश्न. त्यांच्या गावात चार जणी दर गुरुवारी जमतात. दोघींकडे मांडीवर मावणारी छोटी हार्प आहे, एकीकडे बासरी, एकीकडे चेलो. चौघीही निवृत्त झाल्यावर शिकायला लागल्या, म्हणून त्यांना सोपं लागतं. माझं ‘हळदीचं गाणं’ त्यांना फार आवडलंय, दीड महिना बसवतायत. फक्त एक शंका आहे. मूळ चाल पहिल्या हार्पकडे, आणि तिच्याच ओळीखाली तुम्ही ‘अगदी हळू’ अशी खूण केली आहे. बाकीच्या तिघी मात्र मोठ्याने. आम्ही तसं वाजवून पाहिलं, पण चाल ऐकूच येत नाही. ज्या बाई ती वाजवतात त्या जरा हिरमुसल्या आहेत. ही छपाईची चूक असावी असं वाटतं. त्यांनी मोठ्याने वाजवलं तर चालेल का?

इथे एक कबुली देऊन टाकते. मी आयुष्यात हार्पला हात लावलेला नाही. खरी हार्प पाहिली ती एकदाच, एका मोठ्या हॉटेलात, आणि तिला कव्हर घातलेलं होतं. सोसायटीतल्या मुलांना कीबोर्ड शिकवता शिकवता पाश्चात्त्य स्वरलिपी अंगात मुरली, मग कुणाच्या ओळखीने जुन्या कागदांच्या स्वच्छ प्रती करून द्यायचं काम मिळालं, आणि तिथून घसरत घसरत मी या बोळात शिरले: नवशिक्यांच्या हार्पसाठी गाण्यांच्या सोप्या मांडण्या. सुदर्शन पाहुण्यांना सांगतो, ‘ही स्वतः पाण्यात न उतरता पोहायला शिकवते.’ सांगू दे. नियम मला पाठ आहेत. करंगळी वापरायची नाही, हार्पवाले ती वापरतच नाहीत. डाव्या हाताला आठ तारांपलीकडे ताणायचं नाही. प्रत्येक तारेच्या डोक्याशी अर्धा सूर चढवायची छोटी कळ असते, ती गाणं चालू असताना कुणाला फिरवायला लावायची नाही. दोन पानांपेक्षा जास्त काही द्यायचं नाही, कारण पान उलटायला हात रिकामा नसतो. जे अडेल ते काढायचं, आणि तरी मागे काहीतरी उरलं पाहिजे. या कामात मी वाईट नाही. अशा चाळीसेक मांडण्या माझ्या नावावर आहेत, आणि त्यांतली एकच आमच्या घरातली आहे.

लॅपटॉप उघडून पाहिलं. छपाईची चूक नव्हती. ती खूण मी एकदा नाही, चार ठिकाणी हाताने बसवली होती, शिवाय बाकीची वाद्यं एक मात्रा उशिरा उचलतील अशी सोय केली होती. का केली होती, ते आठवेना. डोळे मिटून ऐकावं आणि ऐकू येईल तसं लिहावं ही माझी पद्धत. तेव्हा डोळे मिटले असणार, आणि चाल लांबून, हळू, काहीतरी आड असल्यासारखी आली असणार, आणि बाकीच्या बाया कानाशी. मी तसंच उतरवलं. वर ऑनलाइन विक्रीच्या पानावर स्वतःच वर्णनही लिहिलं होतं: दूरवरून येणाऱ्या एका आवाजाचं गाणं. ते लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं हे मात्र चांगलं आठवलं. मी चहा सिंकमध्ये ओतला आणि बॅग भरायला घेतली, कारण आज संस्कृतीची हळद होती. संस्कृती माझ्या भावाची मुलगी. सुदर्शनला सुट्टी उद्याची, लग्नाच्या दिवसाची. मला आजच पोचायचं होतं.

आमच्याकडे, महाळुंगे पडवळला, हळदीच्या दिवशी घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना आंब्याची पानं आणि हळकुंड, खाली उखळात हळद नि तांदूळ, आणि पाच सवाष्णींनी एकदम हात लावून कांडायचं. खरं कांडण फारसं नसतंच, हळद गिरणीतून आलेली असते. खरं काम गाण्याचं. एकीने ओळ सांगायची, पाच जणींनी झेलायची. चालीत एक जागा मोकळी असते, तिथे घरातल्या माणसाचं नाव बसवायचं. ‘हळद गं बाई उन्हाला आली, गोरखभाऊंच्या अंगणी सांडत गेली.’ नाव लहान असेल तर ताणायचं, मोठं असेल तर दामटून भरायचं, आणि ज्याचं नाव येईल त्याची बायको मान खाली घालून हसते. हयात माणसांचीच नावं घेतात. गेलेल्याचं नाव हळदीत घेत नाहीत, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण घेत नाहीत. मांडणी करताना मी त्या नावाच्या जागी दोन लांब सूर टाकून दिले होते, सोपं पडावं म्हणून.

हे गाणं सांगण्यात माझ्या आईसारखी, चिमाबाईसारखी, आसपासच्या दहा गावांत दुसरी नव्हती. तिला लांब लोणीहून बोलावणं यायचं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून माझे वडील, आण्णा, गेले. आई तिशीचीही नव्हती. पुढच्याच उन्हाळ्यात चुलत्याच्या पोरीचं लग्न आलं. आईला कुणी ‘आत जा’ म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. घाणा भरायची वेळ झाली तशी ती आपणहून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर पाच जणी मुसळ धरून उभ्या, आणि गाणं एकीलाही पुरतं येईना. एकमेकींकडे बघून हसू लागल्या. आणि मग भिंतीतून चाल आली. हळू, पत्र्याच्या छपराला घासून आलेली. बाहेरच्या बाया क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनी ती मोठ्या आवाजात झेलली. मी उंबऱ्यावर बसले होते, एक पाय आत, एक बाहेर. डाव्या कानाला आई, उजव्या कानाला मांडव. मला ते इतकं आवडलं होतं की अंगावर काटा आला होता. आई आत का बसली हे मी विचारलं नाही, आणि पुढे प्रत्येक लग्नात ती तिथेच बसली, माझ्यासुद्धा. माझं लग्न झाल्यावर तर मी सवाष्ण झाले, पाचांतली एक झाले. मुसळावर माझाही हात असायचा आणि आतून आईची ओळ आली की मी सगळ्यांत आधी झेलायचे, कारण मला ती सगळ्यांत चांगली येत होती.

नाशिक फाट्यावर नारायणगावची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. भोसरी, चाकण, पुढे ट्रक आणि ट्रकांच्या मधून घुसणाऱ्या दुचाक्या. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी ती चारही ठिकाणं काढली, ‘अगदी हळू’ पुसून ‘मोठ्याने’ केलं. दोन मिनिटांचं काम. त्या बाईंना कळवलं: होय, छपाईचीच चूक, क्षमस्व, नवीन प्रत सोबत आहे, खुशाल मोठ्याने वाजवा. पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही, उलट एखादं कपाट आवरल्यासारखं मोकळं वाटलं. ते खेडपर्यंत टिकलं. पुढे डोळा लागला असावा, किंवा नुसतेच मिटले असतील, कारण चार म्हाताऱ्या गोऱ्या बाया आमच्या जुन्या घराच्या पडवीत मांडीवर हार्प घेऊन बसलेल्या दिसल्या, पायांत लोकरीचे मोजे, समोर उखळ, आणि चौघीही अदबीने भिंतीकडे बघत वाट पाहत होत्या. त्यांना वाटत होतं तिथे कुणीतरी आहे. मी त्यांना सांगत होते की तिथे कुणी नाही, तशी फक्त खूण आहे. पेठच्या आसपास कंडक्टरने कुणाला तरी हाक मारली आणि मी जागी झाले. बाहेर कांदा काढून झालेली रानं, बराखींत भरून ठेवलेला कांदा, मध्येच उसाचा हिरवा तुकडा आणि त्याच्या कडेला बिबट्या येऊ नये म्हणून लावलेला दिवा, भर उन्हात पेटलेला. त्या दिव्याकडे बघताना मला लाज वाटली. नीट, सरळ लाज वाटली. बत्तीस वर्षं मी जे सुंदर म्हणून जपलं, लिहिलं, विकलं, ते म्हणजे एका बाईला आत बसवणं होतं. तिथे भिंत होती म्हणून आवाज हळू येत होता, एवढंच होतं ते.

कळंबला उतरले तर गोरखदादा स्वतः मोटारसायकल घेऊन आलेला. कपाळावर टिळा, खिशाला पेन, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. माझी बॅग टाकीवर घेऊन तो रस्ताभर ओरडून बोलत राहिला. “वैजे, तुला गंमत दावतो घरी गेल्यावर. मागल्या टायमाला लोकं काय म्हनली म्हाईतंय? म्हनली, काकूचं गानं लई भारी, पण ऐकूच येत न्हाई राव! म्हनलं आता पोरीच्या लग्नात कसर ठेवायची न्हाई. साऊंडवाल्याकडनं बिनवायरचा माईक आनलाय. आई आपली स्वयंपाकघरात निवांत बसंल, आनि आवाज पार फाट्यापातूर!” मी त्याच्या पाठीमागे कॅरिअर घट्ट धरून बसले. एसटीत बसून मी तेच करून आले होते.

घराला आता स्लॅब आहे. चूल गेली, ओटा आला, पण आईची जागा तीच, ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, भिंतीकडे तोंड. माईक तिने लाटणं धरतात तसा दोन्ही हातांनी धरला होता. “आलीस बया. हे बघ गोरखनं काय दिलंय. हे चालू कसं करायचं गं?” ती खूश होती. हेच मला सोसवेना. तिच्या पायावर डोकं ठेवलं, बटण दाखवलं, तिने ‘हॅलो’ म्हटलं आणि बाहेर मांडवात तो ‘हॅलो’ इतक्या जोरात फुटला की पोरंटोरं ओरडली. आई लाजून हसली आणि पदर तोंडाला लावला. बाहेरून ठकूआत्याची हाक आली, “वैजे, ये बिगी, हात लाव.” ठकूआत्या आण्णांची थोरली बहीण, लोणीला दिलेली, सत्तरीच्या पुढची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमच्या घरात सवाष्णींचा कारभार तिच्याकडे. कुणी कुठे उभं राहायचं, पहिली मूठ कुणाची, हे ती नुसत्या हनुवटीने सांगते आणि ते होतं. मी गेले. पाच जणींचे दहा हात मुसळावर, त्यांत माझे दोन, नेहमीच्या जागी, आत्याच्या हाताच्या वर. संस्कृती पाटावर बसलेली, मोबाईलवाले आजूबाजूला. दादाने आत बघून अंगठा दाखवला. आणि खांबाला बांधलेल्या दोन काळ्या खोक्यांतून आईचं घसा खाकरणं आलं, मोठं, जवळचं, आई कुठेच नसल्यासारखं.

मी मुसळावरचे हात काढले. ठरवून नाही, ते निघालेच. आत्याने मान वळवली. मी आत गेले, माईकचं बटण बंद केलं आणि आईसमोर उकिडवी बसले. “आई, बाहेर चल.”

“आगं माईक हाय की.”

“माईक नको. तू चल. मांडवात बसून सांग.”

“येडी का खुळी तू? पोरीची हळद हाय.” आणि मग, हळूच, मला समजावल्यासारखं, “मला न्हाई जमायचं वैजे तिथं. इतकी वर्सं भितीला सांगितलंय. मानसाच्या तोंडाकडं बघून गानं येत न्हाई मला.”

मी असं धरून चालले होते की तिला यायचंच असणार, दाराशी फक्त कुणी बोलवायला हवं. मागे उंबऱ्यात आत्या येऊन उभी होती. “काय चाललंय हे? मुहूर्त टळतोय. वैजे, पुस्तकी शान्पना तुझ्या पुन्याला. हितं पाच सवाशिनी लागत्यात, आनि ती सवाशीन न्हाई. तिचं तिला कळतंय, तुला कळंना व्हय?” आवाज चढा नव्हता. ती वाईट बाई नाही. तिला खरंच पोरीची काळजी होती. मी भित्री आहे, आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला उलट बोललेले नाही. तेव्हाही बोलले नाही. एवढंच म्हटलं, “आत्या, पाचातली एक मी ना? मग माझी जागा मी तिला देते. मी आत बसते.” आणि खरोखरच आईच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग माईक माझ्या मांडीवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. ती गाण्यासाठी उठली की मला तिथून उठवायला कुणाला तरी बोलवायला, हे मला कळलं नाही. आत्या काही बोलेल म्हणून मी अंग चोरून बसले. पण आधी आईच्या पावलांचा आवाज आला, मग आत्याच्या बांगड्यांचा, आणि दोन्ही बाहेरच्या बाजूला गेले. मी माईक पिठाच्या डब्यामागे सारला.

भिंत कोमट होती. इतक्या जवळून पाहिलं तर तिच्यावर तेलाचा एक फिकट डाग होता, डोकं टेकायच्या उंचीवर. मी तिथे डोकं टेकलं नाही. बाहेर कुजबुज झाली, थांबली, आणि मग काहीच नाही. मला रिकाम्या मात्रा मोजायची सवय आहे, मी मोजायला लागले. आठ. सोळा. चोवीस. कुणाचं तरी लेकरू रडलं, गप्प झालं. एवढी लांब विश्रांती मी कुठल्याच नवशिक्याला दिली नसती. आईला चाल येत नव्हती. शंभर माणसांसमोर उन्हात उभी राहून तिला चाल येत नव्हती, आणि ती माझ्यामुळे तिथे उभी होती. उठून जावं, तिला हाताला धरून परत आणावं, सगळ्यांची माफी मागावी असं वाटलं. संस्कृतीचा आवाज आला, “आज्जी, माझ्याकडं बघ.” आणि मग आईने उचललं. खालच्या पट्टीत, घोगरं, पहिला सूर चुकलेला. ‘हळद गं बाई उन्हाला आली, गोरखभाऊंच्या अंगणी सांडत गेली.’ बायांनी झेललं. मुसळ पडलं, एकदा, दोनदा, आणि जमीन माझ्यापर्यंत हलली. संस्कृतीच्या मामाचं नाव आलं. चुलत्याचं आलं. सुदर्शनचंही आलं, आणि मी रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच मान खाली घालून हसले. आवाज आता सैल झाला होता. मध्ये तिला कुणी टोकलं नाही, तिने श्वास घेतला तोही मला ऐकू आला.

‘हळद गं बाई उन्हाला आली, गेणभाऊंच्या अंगणी सांडत गेली.’

गेणभाऊ म्हणजे आण्णा. मी ते नाव आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, ते असताना नाही आणि नंतर नाही. मुसळ पडलं नाही. ओळ कुणीच झेलली नाही. मला आतून काही दिसत नव्हतं, नुसतं मांडवाच्या कापडाचं फडफडणं येत होतं, आणि दादा काहीतरी बोलायला लागून थांबला ते कळलं. आईनेही ओळ परत म्हटली नाही. तिने जे म्हणायचं ते म्हटलं होतं.

मग एक आवाज आला. जाडा, दम लागलेला, सुराशी काही देणंघेणं नसलेला. मला ओळखायला वेळ लागला, कारण ठकूआत्याला गाताना आम्ही कुणी ऐकलेलंच नव्हतं. झेलताना ती नुसते ओठ हलवते. ‘गेणभाऊंच्या,’ ती म्हणाली, आणि तिथेच अडकली. धाकटा भाऊ होता तो तिचा. तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, एकटीने, अख्खी ओळ, आणि नावाशी आल्यावर ते एवढं ताणलं की मोजायला मात्रा राहिल्या नाहीत.

“चिमे,” आत्या म्हणाली, “परत सांग.”